फेरिटिन चढलं, लोह उतरलं. मग गोळी द्यायची की नाही?

पत्र:

"माझ्या थोरल्या बहिणीच्या यकृतात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये यकृताचा उजवीकडचा काही भाग काढला. सर्जन म्हणाले, रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून यकृताचा रक्तपुरवठा मधून मधून बंद ठेवला होता. १५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू, असं तीनदा. रक्ताची एक पिशवी चढवावी लागली. आज सहावा दिवस. हिमोग्लोबिन ९.४ (आधी १२.१), सीरम आयर्न २२, टीआयबीसी १९०, फेरिटिन ११८० (ऑपरेशनआधी ६४), सीआरपी ११८. एसजीपीटी दुसऱ्या दिवशी ७२० होतं, आता १४०. काका लोहाच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन सी घेऊन आले. म्हणतात, आयर्न २२ म्हणजे अंगात काही उरलंच नाही. चुलतभावाने इंटरनेटवर वाचून ठरवलंय की फेरिटिन ११८० म्हणजे लोह साचलंय, ते यकृताला खाईल, रक्त काढून टाका. राऊंडला आलेले डॉक्टर म्हणाले, 'हा हॉर्मोनचा परिणाम आहे, आत्ता काही करायचं नाही,' आणि पुढच्या खाटेकडे गेले. ताईचा थायरॉईड तर नॉर्मल आहे. मग हा कुठला हॉर्मोन? आणि गोळ्या देऊ की नको? ताई विचारते, उरलेल्या यकृताला हे सगळं झेपेल ना?
– एक धाकटा भाऊ"

उत्तर:

आधी कामाचं सांगतो. गोळ्या आत्ता देऊ नका. रक्त काढायचा तर विचारही करू नका. काका आणि चुलतभाऊ दोघेही एकाच रिपोर्टची दोन टोकं धरून भांडताहेत, आणि राऊंडचे डॉक्टर बरोबर आहेत. त्यांनी आणखी पाच मिनिटं दिली असती तर तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं, एवढीच काय ती तक्रार.

हॉर्मोन म्हटलं की आपल्याला थायरॉईड आठवतो, नाहीतर पाळी. पण यकृतही स्वतः एक हॉर्मोन बनवतं. त्याचं नाव हेप्सिडिन. अवघ्या २५ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी. २००० आणि २००१ साली दोन वेगवेगळ्या गटांना ती सापडली, एकाला रक्तातून आणि दुसऱ्याला लघवीतून. ती जंतूंना मारते असं दिसलं, म्हणून 'हेप' म्हणजे यकृत आणि 'सिडिन' म्हणजे मारणारं, असं बारसं झालं. तिचं खरं काम वेगळंच निघालं. शरीरातल्या लोहाच्या कोठीवरचा हा कोठावळा आहे. कोठीची दारं कधी उघडायची आणि कधी लावायची, हे तो ठरवतो.

दार म्हणजे फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन. पेशीतून लोह बाहेर रक्तात जायला माणसाच्या शरीरात हीच एक वाट आहे. ती आतड्याच्या पेशींवर असते, जुन्या तांबड्या पेशी मोडीत काढणाऱ्या भक्षक पेशींवर असते आणि यकृताच्या पेशींवरही असते. हेप्सिडिन येऊन फेरोपोर्टिनला चिकटलं की ते दार पेशीच्या आत ओढलं जातं आणि तिथेच नष्ट होतं. हे २००४ साली स्पष्ट झालं. दार गेलं की लोह आतच अडकतं. बाहेर दुष्काळ, कोठीत धान्य. ताईचं आयर्न २२ आहे ते यामुळे.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या लवकर कसं? यातला हिशेब मजेशीर आहे. माणसाच्या अंगात एकूण लोह ३ ते ४ ग्रॅम, पण त्यातलं रक्तद्रवात फिरणारं लोह कुठल्याही क्षणी फक्त ३ मिलिग्रॅमच्या आसपास. आणि अस्थिमज्जेला नव्या तांबड्या पेशींसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे रक्तातलं सगळं लोह दिवसातून सात-आठ वेळा नवं भरावं लागतं. ते भरण्याचं काम मुख्यतः भक्षक पेशी करतात. आतड्यातून रोज येतं ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. भक्षक पेशींचं दार बंद झालं की काही तासांतच रक्तातलं लोह घसरतं. त्याला कित्येक महिन्यांची उपासमार लागत नाही, एक दुपार पुरते.

दार बंद करायचा हुकूम कुणी दिला, ते समजायला ऑपरेशनच्या टेबलाशी जावं लागेल.

मी निवासी डॉक्टर असताना अशी ऑपरेशनं उभ्याने पाहिली आहेत. यकृताकडे जाणारी धमनी, आतड्याकडून रक्त आणणारी प्रवेशिनी शीर आणि पित्तनलिका एकाच पदरात बांधल्यासारख्या जवळजवळ असतात. त्या पदराभोवती सर्जन एक सुती फीत फिरवतो, तिच्यावरून रबराची नळी सरकवतो आणि आवळतो. जेम्स हॉगार्थ प्रिंगल या सर्जनने १९०८ साली याचं वर्णन केलं, म्हणून ही प्रिंगलची युक्ती. फीत आवळली की विटकरी, तुकतुकीत यकृत काही क्षणांत मळकट निळसर होतं. कोपऱ्यातून भूलतज्ज्ञ मिनिटं मोजत असतो: "दहा... बारा... पंधरा." फीत सैल झाली की रंग परत येतो, पण एकसारखा येत नाही. आधी इथे एक गुलाबी ठिपका, मग तिथे एक, मग ते एकमेकांत मिसळतात. बघणाऱ्याला वाटतं, सुटलं. खरा त्रास तिथूनच सुरू होतो.

रक्त थांबलेलं असताना पेशींतला ऑक्सिजन संपतो, ऊर्जा संपते, आम्लता वाढते. यकृत हे शरीराचं लोहाचं मोठं कोठार. तिथे लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात सांभाळून ठेवलेलं असतं. एका गोळ्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. तोवर ते निरुपद्रवी. पण ऑक्सिजनच्या उपासमारीत यातलं थोडं लोह सुटतं आणि पेशीत मोकाट फिरू लागतं. तरीही एकटं मोकाट लोह फार काही करत नाही. मग फीत सुटते, ऑक्सिजन एकदम आत घुसतो, आणि दमलेली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जेची केंद्रं, त्यातून सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही ऑक्सिजनची जहाल रूपं बनवू लागतात. सुपरऑक्साइड फेरिटिनमधून आणखी लोह सोडवतं. आता लोह आणि पेरॉक्साइड समोरासमोर.

१८९४ साली हेन्री फेंटन यांनी दाखवलं होतं की पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर लोहाचा क्षार पडला की टार्टारिक आम्लाचं जोरदार ऑक्सिडीकरण होतं. एरवी ते ढिम्म राहतं. परीक्षानळीतला हाच प्रकार पेशीत होतो, फक्त तिथे टार्टारिक आम्लाऐवजी पेशीच्या पडद्यातली मेदाम्लं जळतात. लोहामुळे मेद असे जळत जाऊन पेशी मरण्याला २०१२ पासून फेरॉप्टोसिस असं स्वतंत्र नाव आहे. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं, त्या जखमी झाल्या की रक्तात सांडणारं प्रथिन; दुसऱ्या दिवशीचं ७२० हा अशा जखमी पेशींचा हिशेब. ते १४० वर आलं, म्हणजे नवी पडझड थांबली आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या रिपोर्टमधला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे, आणि त्यावर घरात कुणीच भांडत नाहीये.

सर्जन एकदम ४५ मिनिटं आवळून का ठेवत नाहीत, तेही यातून कळेल. मधली पाच मिनिटं यकृताला श्वास घ्यायला दिलेली असतात. अशा टप्प्याटप्प्याच्या बंदला निरोगी यकृत चांगलं तोंड देतं.

तर जखम झाली. यकृतातल्या रक्तवाहिन्यांत कुफ्फर पेशी नावाचे पहारेकरी बसलेले असतात, ते आरडाओरडा करतात. त्या ओरड्यातला एक संदेश म्हणजे इंटरल्युकिन-६. पोटावरची चीरही त्यात आपली भर घालते. हा संदेश यकृताच्या पेशींना मिळाला की त्या दोन गोष्टी भराभर बनवतात: सीआरपी (अंगातला दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, दाखवणारं प्रथिन) आणि हेप्सिडिन. ताईचं सीआरपी ११८ आहे. हेप्सिडिन कुणी मोजलेलं नाही, पण तेही वर असणार हे मी डोळे मिटून सांगतो. निरोगी स्वयंसेवकांना इंटरल्युकिन-६ शिरेतून दिलं तेव्हा काही तासांत हेप्सिडिन वर गेलं आणि रक्तातलं लोह खाली आलं. त्यांना ना ऑपरेशन झालं होतं, ना रक्त गेलं होतं.

हा संदेश वाईट आहे असं मात्र समजू नका. इंटरल्युकिन-६ नसलेल्या उंदरांचं यकृत कापल्यावर नीट वाढत नाही. म्हणजे जो हुकूम लोहाची दारं लावतो, तोच उरलेल्या यकृताला 'वाढायला लाग' असंही सांगतो.

एकाच वेळी उलटा हुकूमही येत असतो. रक्त कमी झालं की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन निघतं. त्याने अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी एरिथ्रोफेरॉन नावाचा हॉर्मोन सोडतात, आणि तो यकृताला सांगतो, हेप्सिडिन कमी कर, आम्हाला लोह हवंय. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात या रस्सीखेचीत बहुतेक वेळा दाहाची बाजू जिंकते. दाह ओसरला की अस्थिमज्जेची. स्त्री-पुरुष हॉर्मोनही या दारावर हात ठेवून असतात, टेस्टोस्टेरॉन हेप्सिडिन कमी करतं, वगैरे. पण ताईच्या रिपोर्टात त्यांचा वाटा शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता चुलतभावाचं फेरिटिन. त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवा. निरोगी माणसात रक्तातलं फेरिटिन एका आकड्याने वाढलं तर साठ्यातलं लोह सुमारे ८ मिलिग्रॅमने वाढलं, असा ढोबळ हिशेब धरतात. ऑपरेशनआधी ६४ होतं, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आसपास साठा. ठीकठाक. त्याच हिशेबाने ११८० म्हणजे ९ ग्रॅमहून जास्त! सबंध माणसात असतं ३ ते ४ ग्रॅम. सहा दिवसांत उरलेलं लोह आलं कुठून? रक्ताच्या पिशवीतून आलेलं म्हणाल तर एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम असतं, आणि तेवढं तर ऑपरेशनमध्ये वाहूनही गेलं असेल.

उत्तर सोपं आहे: हा आकडा साठ्याचा नाहीच. दाहात फेरिटिन आपोआप वाढतं, आणि यकृताच्या जखमी पेशी फुटल्या की त्यांच्यातलं फेरिटिन रक्तात सांडतं. हा धूर आहे. धूर मोजून कोठीतलं धान्य कळत नाही. रक्त काढायला सांगणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही हिमोग्लोबिन ९.४ असताना.

काकांच्या २२ चंही तसंच. टीआयबीसी म्हणजे रक्त एकूण किती लोह वाहून नेऊ शकतं ते. २२ भागिले १९० म्हणजे संपृक्तता १२ टक्के, एवढीच जागा भरलेली. एरवी मी याला लोहाची कमतरता म्हटलं असतं. पण खऱ्या कमतरतेत टीआयबीसी वर जातं, कारण यकृत लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन जास्त बनवतं. ताईचं १९० आहे, म्हणजे कमी. गाड्याही कमी आणि मालही कमी: हा दाहाचा नमुना. यात थोडा दिलासाही आहे. यकृत खरोखर कोलमडतं तेव्हा त्याला हेप्सिडिनही बनवता येत नाही, दारं सताड उघडी राहतात आणि संपृक्तता उलट वर जाते. ताईच्या कोठावळ्याला निदान दार लावण्याइतकं बळ आहे.

मग दार बंद राहणं यकृताच्या फायद्याचं की तोट्याचं? इथे लोक घाईने निकाल देतात. रक्तात मोकळं लोह कमी राहिलं तर जंतूंना ते मिळत नाही, हा उघड फायदा; ऑपरेशननंतरच्या आठवड्यात जंतुसंसर्ग हीच मोठी भीती असते. उंदरांच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थांबवून परत सुरू करण्याआधी हेप्सिडिन दिलं, तर इजा कमी होते असंही दिसलं आहे. पण यकृतात लोह कोंडायचं ते त्याच पेशींत, ज्यांना मोकाट लोहाने नुकतंच भाजलं आहे. त्या कोंडलेल्या लोहाला पेशी लगेच फेरिटिनमध्ये भरू शकली तर बरं, नाहीतर आगीजवळ रॉकेल. लोहाला पकडून ठेवणारं डेफेरोक्सामिन हे औषध प्राण्यांमध्ये यकृताची ही इजा कमी करतं. माणसांच्या यकृताच्या ऑपरेशनात मात्र ते नेहमीच्या उपचाराचा भाग झालेलं नाही. तेव्हा कुणी 'लोह काढायचं औषध' सुचवलं तर तेही नको.

आता गोळ्यांचं. दार बंद असताना गोळीतलं लोह आतड्याच्या पेशीत जाऊन बसतं, आणि ती पेशी दोन-चार दिवसांत गळून पडते, लोहासकट. बाकीचं शौचावाटे जातं. म्हणजे मळमळ आणि बद्धकोष्ठ तेवढं पदरात. आणखी एक गोष्ट काकांना जरूर सांगा: लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं. पोटाच्या आत रक्तस्राव झाला तरी शौचाला काळं, डांबरासारखं होतं. यकृताच्या ऑपरेशननंतर ही धोक्याची खूण डॉक्टरांना स्वच्छ दिसायला हवी. तुम्ही गुपचूप गोळी दिलीत तर एकतर उगाच धावपळ होईल, किंवा खरा रक्तस्राव 'गोळीमुळे असेल' म्हणून दुर्लक्षित राहील. दुसरी शक्यता मला जास्त भिववते.

व्हिटॅमिन सी सुद्धा सध्या मोठ्या मात्रेत नको. ते लोहाला शोषायला सोपं रूप देतं, म्हणून काकांनी जोडीला आणलं असणार. पण जिथे मोकाट लोह आहे तिथे तेच रूप फेंटनच्या अभिक्रियेला लागतं. शिरेतून लोह देण्याचा विषय निघाला तर तो सर्जन आणि भूलतज्ज्ञांनी मिळून ठरवावा. जंतुसंसर्ग चालू असेल तर ते सहसा थांबतातच.

९.४ हिमोग्लोबिनला घाबरू नका. धाप नाही, छातीत दुखत नाही, चक्कर येत नाही, तर एवढ्यावर रक्त चढवत नाहीत. तो निर्णय साधारण ७ च्या आसपास येतो, हृदयविकार असेल तर थोडा आधी. ताप, डोळे पिवळे होणं, बडबड किंवा गुंगी, काळं शौचाला, पोट फुगणं, यातलं काहीही दिसलं तर राऊंडची वाट न बघता नर्सला हाक मारा.

खरी तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. चार गोष्टी एकाच दिवशी करा: हिमोग्लोबिन, फेरिटिन, संपृक्तता आणि सीआरपी. सीआरपीशिवाय नुसतं फेरिटिन केलंत तर पुन्हा हाच गोंधळ. सकाळी करा, कारण हेप्सिडिन सकाळी कमी असतं आणि दिवसभरात चढतं. रक्तातलं लोह त्याच्या तालावर हलतं. सीआरपी खाली आलेलं असताना फेरिटिन १५ च्या खाली गेलं तर साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. दाह उरलेला असेल तर तिनेच २०२० साली ही रेषा ७० वर नेली आहे. ताईचा आधीचा साठा बघता मला वाटतं तिला गोळ्या कदाचित लागणारही नाहीत. कोंडलेलं लोह दार उघडलं की स्वतःच अस्थिमज्जेकडे जाईल.

आणि लागल्याच, तर रोज दोन-तीन नाही. एक गोळी घेतली की हेप्सिडिन पुढचे सुमारे २४ तास चढलेलं राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. २०१७ साली लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांवरच्या अभ्यासात दिवसाआड एक गोळी दिली तेव्हा त्याच गोळ्यांतून जास्त लोह अंगी लागलं. काकांनी आणलेली पाकिटं फेकू नका. तारीख बघून ठेवा आणि तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

उद्या राऊंडला एकच प्रश्न विचारा, तोही छोटा: "बिलिरुबिन आणि आयएनआर खाली येताहेत ना?" बिलिरुबिन म्हणजे काविळीचा आकडा, आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा. उरलेलं यकृत काम करतंय का, ते त्यांतून कळतं, आयर्न आणि फेरिटिनमधून नाही. या प्रश्नाला डॉक्टर थांबून उत्तर देतील.

ताईला सांगा, कापलेला भाग त्याच जागी, त्याच आकारात परत उगवत नाही. उरलेलाच भाग फुगून मोठा होतो. त्यातली बरीचशी वाढ पहिल्या काही आठवड्यांत होते आणि बाकीची पुढच्या महिन्यांत. नव्या पेशींना लोह लागतंच. तिच्या कोठीत ते आहे.